गटाराचे व्याकरण

1850 च्या एप्रिलमध्ये यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ या चढावरच्या दगडी गावात एक सरकारी इंजिनिअर आला. नाव बेंजामिन बॅबेज. गणनयंत्रामुळे प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स बॅबेजचा हा मुलगा. त्याने गावातले संडास मोजले. 69 भरले, म्हणजे साडेचार घरांमागे एक. त्यातले दोन, प्रत्येकी दहा-बारा कुटुंबांचे, सरळ सार्वजनिक रस्त्यावर. आणि तेवढा उघडेपणा पुरेसा नाही म्हणून की काय, तिसरा एका उंचवट्यावर, अख्ख्या मुख्य रस्त्याला दर्शन देत उभा. त्याची मैलाकुंडी खाली रस्त्याच्या कडेला होती आणि तिला एक छोटे दार होते. वरून मैला आणि राख साठत गेली की त्या वजनाने दार कधीकधी फुटायचे आणि सगळे रस्त्यावर यायचे. त्या दारापासून दोन यार्डांवर, म्हणजे दोन ढांगांवर, शेजारच्या घरांना पाणी देणारा नळ होता.

बॅबेजने गावाच्या मृत्यूंचा हिशेबही मांडला. मरणाऱ्यांचे सरासरी वय 25.8 वर्षे. शंभरातली 41.6 माणसे सहा वर्षांची व्हायच्या आत गेलेली. घराघरांत लोकर विंचरण्याचा धंदा, त्यासाठी झोपायच्याच खोलीत रात्रंदिवस कोळशाची शेगडी, खिडक्या बंद.

हा इंजिनिअर आपण होऊन आला नव्हता. गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटी यांनी 1849 मध्ये लंडनच्या आरोग्य मंडळाकडे अर्ज पाठवला होता. त्याच्या आदल्या वर्षभरात त्यांनी स्वतःची तीन मुले पुरली होती. एक तर गावाबाहेर, स्कारबरोला. क्षयाने गेलेल्या त्या मुलांचा दोष मी मैलाकुंडीला देत नाही, पण अर्ज करणाऱ्याचा हात कोणत्या घरातून निघाला होता ते लक्षात ठेवावे. अहवाल झाला, छापला गेला आणि त्यानंतरही पाद्रीबुवा लंडनला पत्रे पाठवतच राहिले, कारण गावात काम हलत नव्हते.

व्हिक्टोरियन इंग्लंडच्या स्वच्छतेची गोष्ट आपल्याला सहसा वेगळी सांगितली जाते. कॉलरा आला, जॉन स्नो नावाच्या हुशार डॉक्टरने कॉलरा पसरवणाऱ्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला, लंडनला भयंकर वास सुटला, बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरने गटारे बांधली आणि देश स्वच्छ झाला. विज्ञानाचा विजय वगैरे. ही गोष्ट खोटी नाही, पण ती लंडनची आहे. हॉवर्थसारख्या शेकडो छोट्या गावा-शहरांत काय झाले हे तिच्यातून कळत नाही. माझ्या मते तिथे शहरे साफ केली ती क्रियापदाने. कायद्यातले 'करू शकेल' जाऊन 'करील' आले तेव्हा गटारे झाली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या 'करील'चा कर्ता कोण होता हे.

आधी 'करू शकेल'चा काळ पाहू.

1848 चा सार्वजनिक आरोग्य कायदा हा इंग्लंडमधला या विषयावरचा पहिला मोठा कायदा. त्यानुसार एखाद्या गावात स्थानिक आरोग्य मंडळ स्थापन व्हायला दोन वाटा होत्या. एक तर गावातल्या घरपट्टी भरणाऱ्यांपैकी दहावा हिस्सा लोकांनी मागणी करावी. नाहीतर सात वर्षांच्या सरासरीने दरवर्षी हजारी 23 पेक्षा जास्त माणसे मरावीत. दुसरी वाट पुन्हा वाचा. सरकारला तुमच्या गावात शिरायचे तर तुमच्या मृतांनी कोरम पूर्ण करायचा. हजारी 22 मेली तर गाव आपले स्वतंत्र.

मंडळ झाले तरी पुढे सगळे मर्जीवर. वैद्यकीय अधिकारी नेमता येईल. नेमलाच पाहिजे असे नाही. मंडळाच्या निवडणुकीत मालमत्तेच्या प्रमाणात मते: मोठ्या मालकाला मालक म्हणून सहा आणि करदाता म्हणून आणखी सहा, अशी बारापर्यंत. मैलाकुंडीशेजारच्या नळावर पाणी भरणाऱ्या बाईला अर्थातच शून्य.

विरोध कोण करत होते? आपल्या डोळ्यांपुढे लगेच टोपीवाला गिरणीमालक येतो. तोही होता. पण खरा चिवट विरोधक होता तो मधला माणूस: खानावळवाला, किराणा दुकानदार, म्हातारपणाची सोय म्हणून चार-सहा खोल्यांची ओळ बांधून आठवड्याच्या भाड्यावर जगणारा. गटार आले की घरपट्टी वाढणार, शिवाय प्रत्येक खोलीला जोडणीचा खर्च मालकावर. त्याचे गणित चुकीचे नव्हते. आजारी पडायचा तो भाडेकरू, आणि खर्च करायचा मालकाने. काही शहरांत या लोकांच्या गटाला विरोधक उघडउघड 'घाणेरडा पक्ष' म्हणत. ते स्वतःला काटकसरीचा पक्ष म्हणवून घेत.

मला हे लोक परके वाटत नाहीत. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याची जमिनीखालची टाकी धुऊन तिचे झाकण बदलण्याचा विषय लागोपाठ तीन वर्षे पुढे ढकलला गेला. झाकणाच्या कडेला बोट जाईल एवढी फट होती आणि शेजारीच ड्रेनेजचे चेंबर. दरवर्षी एक गृहस्थ उठून विचारत, "आत्तापर्यंत कुणाला काही झालंय का?" ते सातव्या मजल्यावर राहत आणि घरात त्यांनी महागडे फिल्टर बसवले होते. वाईट माणूस नव्हे. गणपतीत सगळ्यात जास्त राबणारा.

या माणसाला पटवायचे कसे, हा प्रश्न एडविन चॅडविकने 1842 मध्येच हाती घेतला होता. श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवरचा त्याचा अहवाल हा मुळात पैशाचा युक्तिवाद आहे. कर्ता पुरुष तापाने मेला की त्याची बायको-मुले गरिबांच्या निधीवर येतात, तो निधी घरपट्टीतून भरतो, तेव्हा गटार स्वस्त पडेल. त्याने आकडे दिले: मँचेस्टरमध्ये मजुरांचे मरतानाचे सरासरी वय 17, रटलँडच्या खेड्यांत 38. मँचेस्टरच्या सुखवस्तू लोकांचेही नेमके 38. म्हणजे शहरातला साहेब खेड्यातल्या मजुराइतकाच जगत होता. (सरासरीत बालमृत्यू मिसळले की आकडा असा भयंकर दिसतो, आणि चॅडविकला ते भयंकर दिसायलाच हवे होते.)

चॅडविक हा मोठा माणूस आणि तितकाच असह्य माणूस. सगळा वास म्हणजे रोग, असे तो मानायचा. त्या श्रद्धेपायी 1840 च्या दशकाच्या शेवटी लंडनमधल्या घरांखालच्या मैलाकुंड्या गटारांतून धुऊन थेट टेम्समध्ये सोडण्यात आल्या, आणि पाणी पुरवणाऱ्या कंपन्या त्याच टेम्समधून पाणी उचलत होत्या. घरातला वास गेला, कॉलरा नळाने घरात आला. 1854 मध्ये त्याला आरोग्य मंडळाच्या पदावरून घालवले तेव्हा 'द टाइम्स'ने लिहिले त्याचा भावार्थ असा: मारून मुटकून निरोगी होण्यापेक्षा कॉलऱ्याशी गाठ पडली तरी चालेल.

त्याच वर्षी जॉन स्नोने जे केले ते पंपाच्या दांड्यापेक्षा फार मोठे होते. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर, शेजारशेजारच्या घरांत होते. लॅम्बेथ कंपनीने 1852 मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, टेम्स डिटनला नेला होता; साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहरातलेच पाणी देत होती. स्नोने घरोघरी फिरून विचारले, तुमचे पाणी कुणाचे? हिशेब निघाला: दहा हजार घरांमागे साउथवर्ककडे 315 मृत्यू, लॅम्बेथकडे 37. याहून स्वच्छ पुरावा कुठल्या आरोग्यखात्याला मिळतो? पण आरोग्य मंडळाच्या वैज्ञानिक समितीने 1855 मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या साथीबद्दलचे त्याचे पाण्याचे म्हणणे स्वीकारले नाही. स्नो 16 जून 1858 ला वारला. त्याच दिवसांत टेम्सच्या दुर्गंधीने संसद हैराण होती आणि खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये बुडवून टांगले जात होते.

त्या दुर्गंधीनंतर कायदा अवघ्या 18 दिवसांत झाला. मैलोन्‌मैल गटारे, क्रॉसनेस आणि ॲबी मिल्सचे पंप, सगळे त्यातून आले. पण यावरून 'लोकांना त्रास झाला की सरकार हलते' असा बोध घेणे भाबडेपणाचे आहे. वास संसदेच्या नाकाला आला म्हणून सरकार हलले. हॉवर्थच्या उंचवट्याखाली कुठलीही संसद भरत नव्हती. आणि लंडनमध्येसुद्धा ईस्ट एंडचा भाग नव्या गटारांना जोडायचा राहिला होता. 1866 मध्ये कॉलरा तिथेच उतरला आणि पूर्व लंडनमध्ये साडेपाच हजारांवर माणसे गेली. तिथल्या पाणी कंपनीने उघड्या तळ्यातले न गाळलेले पाणी सोडले होते, आणि तेही तसे करायला कायद्याने बंदी असताना.

म्हणून मला 1858 पेक्षा 1866 हे वर्ष मोठे वाटते. त्या वर्षीच्या आरोग्य कायद्याचे नाव फारसे कुणी घेत नाही. सरकारचा मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉन सायमन याने मात्र त्याचे मर्म एका वाक्यात पकडले. आरोग्यविषयक कायद्यांच्या व्याकरणात आता आज्ञार्थ आला आहे, अशा अर्थाचे त्याने लिहिले.

शाळेत आपण क्रियापदाचे अर्थ घोकलेले असतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'मंडळाने गटार बांधावे' हा विध्यर्थ. तो कर्तव्य सांगतो, इच्छा सांगतो, योग्यता सांगतो, आणि काहीच घडवत नाही. 1848 चा कायदा विध्यर्थात होता. 1866 चा म्हणाला: बांधा. आणि नाही बांधले तर? 49 वे कलम होते. स्थानिक संस्थेने कर्तव्यात कसूर केली अशी तक्रार आली आणि ती खरी ठरली, तर सरकार मुदत घालून देईल, मुदतीत काम झाले नाही तर आपला माणूस नेमून ते करवून घेईल आणि बिल त्याच गावाकडून वसूल करील. हे कलम वापरायला किचकट होते हे खरे. पण काटकसरीच्या पक्षाचे गणित त्याने उलटले. आता गटार न बांधणे फुकट राहिले नाही.

पुढचे काम 1872 आणि 1875 च्या कायद्यांनी केले. देशभर नागरी आणि ग्रामीण आरोग्य जिल्हे आखले गेले. या नागरी जिल्ह्यांचा आवाका नगरपालिकेपासून गिरणीभोवती वाढलेल्या वस्तीपर्यंत होता. प्रत्येकाला वैद्यकीय अधिकारी आणि उपद्रव निरीक्षक, आपल्या भाषेत सॅनिटरी इन्स्पेक्टर, नेमणे भाग झाले. नाली आणि संडासाशिवाय नवे घर बांधता येईना. 1875 च्या कायद्यात घरचा कचरा आणि मैला उचलण्याचे 42 वे कलम मला फार आवडते, कारण त्यात जुने आणि नवे क्रियापद एकाच वाक्यात भांडताना दिसतात: प्रत्येक स्थानिक संस्था हे काम करू शकेल, आणि मध्यवर्ती मंडळाने आदेश दिल्यास करील.

आज्ञा नुसती दिली नाही, तिच्यामागे पैशाची सोय केली. गावाला साठ वर्षांपर्यंतच्या मुदतीचे कर्ज काढता येऊ लागले. गटार नातवंडेही वापरणार, तेव्हा हप्ते नातवंडांनीही फेडावेत. खानावळवाल्याची वर्षाची घरपट्टी त्यामुळे मरणप्राय वाढली नाही. शिवाय 1869 च्या एका सुधारणेने नगरपालिकांचे मतदार वाढले. घरभाड्यातूनच कर भरणारे कामगार आले, अविवाहित आणि विधवा करदात्या बायकाही आल्या. बर्मिंगहॅममध्ये 1873 ला महापौर झालेल्या जोसेफ चेंबरलेनने आधी गॅस कंपन्या आणि मग पाणी कंपनी विकत घेतली ती या मतदारांच्या जोरावर. गॅसवर नफा कमवा, पाण्यावर नको, हे त्याचे धोरण. पाणी म्हणजे आरोग्य.

प्रत्यक्षात छोट्या गावातला वैद्यकीय अधिकारी म्हणजे बहुधा तिथलाच खासगी डॉक्टर, थोड्या मानधनावर. ज्या घरमालकाला त्याने नोटीस द्यायची, तोच मंडळावर बसलेला आणि त्याच्याच घरी याची व्हिजिट. नोकरीची शाश्वती नाही. निरीक्षक तर अनेकदा सर्व्हेअरही तोच आणि आणखी काहीबाही तोच. तरीही या माणसांचे वार्षिक अहवाल वाचताना मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. किती विहिरी बंद केल्या, किती मैलाकुंड्या बुजवल्या, कुठल्या गल्लीत टायफॉइड. रॉचडेलसारख्या शहराने टोपलीचे संडास आणले, मैला गोळा करून त्याचे खत विकायचा बेत केला. सोनखत हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्यांना तो वेडगळ वाटणार नाही.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धची बाजू. टुलमिन स्मिथ नावाचा वकील होता, केंद्रीकरणाचा कट्टर शत्रू. गावाने आपला कारभार आपण पाहावा, लंडनच्या तज्ज्ञांनी नाक खुपसू नये, हे त्याचे म्हणणे. त्याला नुसते प्रतिगामी म्हणून उडवून लावता येत नाही. लंडनच्या तज्ज्ञांनी टेम्समध्ये काय सोडले ते आपण पाहिलेच. आणि सक्तीने सगळे साधले असेही नाही. इंग्लंडमध्ये तान्ह्या मुलांचे मृत्यू व्हिक्टोरिया राणीच्या अखेरपर्यंत हजारी दीडशेच्या आसपासच रेंगाळले. एकंदर मृत्युदर उतरला त्यात अन्न सुधारल्याचाही वाटा असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. 1897 मध्ये, म्हणजे 1875 च्या कायद्याला बावीस वर्षे झाल्यावर, मेडस्टोन शहरात दूषित झऱ्यांच्या पाण्याने टायफॉइडची इतकी मोठी साथ आली की सुमारे 1900 माणसे आजारी पडली. सुधारणेच्या नावाखाली पाडलेल्या वस्त्यांतले लोक बाजूच्याच वस्त्यांत दाटीने कोंबले गेले, कारण त्यांना घरे देण्याची आज्ञा तेवढ्या जोरात कुणी दिली नव्हती.

हे सगळे मान्य. पण स्मिथला जी भीती होती तिचे उत्तरही 1866 च्या व्याकरणातच आहे. ती आज्ञा मुख्यतः संस्थेला होती. मैलाकुंडीशेजारी राहणाऱ्या बाईला कायदा आधी काही म्हणत नव्हता. तो मंडळाला म्हणत होता, हिच्यासाठी गटार बांध. कुठली वाट, कुठला नळ, कुठला कंत्राटदार, हे गावाने ठरवायचे. फक्त 'बांधायचे की नाही' हा पर्याय काढून घेतला होता. जिथे त्याच काळातल्या कायद्यांनी आज्ञेचे टोक माणसाच्या अंगाकडे वळवले तिथे काय झाले? छावणीच्या शहरांतल्या बायकांची सक्तीने तपासणी करणारे गुप्तरोगांचे कायदे 1886 मध्ये रद्द करावे लागले. देवीच्या सक्तीच्या लशीविरुद्ध 1885 मध्ये लेस्टरला प्रचंड मोर्चा निघाला. लशीबाबत मी सक्तीच्या बाजूने आहे, तरी हे नोंदवायला हवे.

आणि पुणे. 1897 चा साथरोग कायदा हाही व्हिक्टोरियाच्याच राज्यातला. त्यातली आज्ञा पुणेकराला होती: घर उघड, चूल दाखव, बाहेर निघ, सेग्रिगेशन कॅम्पात चल. गोरे सोल्जर देवघरापर्यंत गेले. 22 जूनच्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचे दिवे लागलेले असताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पण या शहरात आधीच्या पंचवीस वर्षांत कुणी लंडनहून विचारले होते का, की गटारे का झाली नाहीत, मुदत घ्या, नाहीतर आम्ही बांधून बिल पाठवतो? तो आज्ञार्थ बोटीत चढलाच नाही. नुसती शिपायाची 'चल' तेवढी आली.

मुंबईत थोडे बरे होते. 1888 च्या महापालिका कायद्यात आवश्यक कर्तव्ये आणि ऐच्छिक कर्तव्ये अशी दोन वेगळी कलमे आहेत. त्याच कायद्यात हलालखोर-कर या नावाचा करही होता. मैला कोण वाहणार हे कायद्याने जातीसकट गृहीत धरलेले. इंग्लंडच्या निरीक्षकाला मैला वाहणारा गडी पगार देऊन शोधावा लागायचा. आपल्याकडे तो जन्माने तयार मिळत होता, म्हणून नळाने वाहणाऱ्या गटाराची घाई इथल्या करदात्याला कधी झालीच नाही. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

आज आपल्या नगरपालिका कायद्यांतही अनिवार्य कर्तव्यांची यादी असते. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता लिहिली, पण 243 डब्ल्यू या अनुच्छेदात राज्य विधिमंडळ नगरपालिकांना ते अधिकार 'देऊ शकेल' असे क्रियापद ठेवले. भिंतीवर मात्र सगळीकडे आज्ञार्थ आणि विध्यर्थ, आणि तोही तुम्हा-आम्हाला. स्वच्छता राखा. येथे कचरा टाकू नये. थुंकणाऱ्यास दंड होईल. त्या पाटीच्या खाली कचरापेटी नसते, हे सांगायला नको.

आमच्या टाकीचे झाकण शेवटी बदलले, आठ घरांत कावीळ झाल्यावर. सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांनीच पुढाकार घेऊन कोटेशन आणले. शेजारचे चेंबर मात्र सार्वजनिक लाइनवर आहे आणि पावसाळ्यात उकळ्या मारते. त्याबद्दल मी केलेल्या अर्जाला रीतसर उत्तर आले. जावक क्रमांक, तारीख, शिक्का, सगळे होते. मजकूर एका ओळीचा: 'सदर बाबत नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल.' वाक्य मी दोनदा वाचले. त्यात कर्ता सापडला नाही.